हळदमेंढा, एक

टप्पेपत्रकात ज्या गावाचं नाव आहे, त्या गावाचं तिकीट मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हा नियम सोनबा कुमरेने कंडक्टरकीच्या पहिल्याच आठवड्यात पाठ केला होता. सोनबा नियमाचा माणूस. डेपोतले लोक त्याची थट्टा करायचे, की हा घरी जेवायला बसतानासुद्धा बायकोकडून पावती घेतो. सोनबाला या थट्टेचा राग यायचा नाही, उलट थोडा अभिमानच वाटायचा. त्याच्या अख्ख्या खानदानात छातीवर बिल्ला लावणारा तो पहिला, आणि असा माणूस नियमाला जरा जास्तच घट्ट धरून बसतो. तोच नियम पुढे त्याच्या मानगुटीवर बसणार होता, पण तेव्हा ते त्याला कोण सांगणार?

१९७९ साली त्याला गिरडच्या पुढे जाणारी गाडी मिळाली. दुपारी समुद्रपूरहून गाडी निघे तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसे. दर्ग्याला जाणारी मंडळी, त्यांच्या पिशव्या, नारळ, खिडकीतून डोकं काढून ओकणारी पोरं, असा सगळा संसार गिरडला उतरून जाई. मग उरत सात-आठ माणसं, आणि रस्ता सागाच्या रानात शिरे. तिथून शेवटच्या गावापर्यंत मध्ये एक घर नाही. पण तिकिटाला टप्पे लागतात, आणि टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पे आखणारे साहेब जीपमधून आले, जिथे सहा किलोमीटर भरले तिथे उतरले आणि पटवाऱ्याचा नकाशा उघडून पाहिला. जमीन ज्या मौजाची, त्याचं नाव टप्प्याला द्यायचं. नकाशावर लिहिलं होतं, मौजा हळदमेंढा (रिठी).

रिठी म्हणजे कागदावर असलेलं पण माणूस नसलेलं गाव. आपल्याकडे अशा रिठ्या पुष्कळ. सरकारी दप्तरात त्यांना नंबर असतो, शीव असते, पटवारी असतो, फक्त तिथे चूल पेटत नाही. साहेबांनी त्यांचं काम चोख केलं. कंसातला शब्द रकान्यात मावत नव्हता म्हणून टाइप करणाऱ्याने तो सोडून दिला, आणि रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबावर पिवळी पाटी लागली : हळदमेंढा.

दोन महिने तिथे कोणी उतरलं नाही. मग जंगलू उतरला.

जंगलू म्हणजे गिरडच्या बाजारात झाडण्या विकणारा म्हातारा. एक दिवस तो हातात काही न घेता गाडीत चढला आणि म्हणाला, हळदमेंढा, एक. सोनबाने त्याला समजावलं की तिथे काही नाही, नुसतं रान आहे, परतीच्या गाडीपर्यंत बसायला दगडसुद्धा धड मिळायचा नाही. जंगलू हसला आणि घरी चाललो म्हणाला. नियम तो नियम. सोनबाने तिकीट दिलं. गाडी सुटल्यावर त्याने मागच्या काचेतून पाहिलं. म्हातारा सरळ रानात चालत गेला, एका जागी थांबला आणि एक पाय गुडघ्याएवढा उचलून त्याने काहीतरी ओलांडलं, आंगणातली वाळवणाची दोरी ओलांडावी तसं. मग तो तिथे नव्हता. झाडाआड गेला म्हणावं तर पानझडीचे दिवस, झाडं नागडी, पार दुसऱ्या टेकडीपर्यंतचं दिसत होतं.

सोनबाने डोळे चोळले आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. बिल्ला लावलेल्या माणसाने असलं काही पाहायचं नसतं.

सहा महिन्यांनी आनंदाबाई आली. ती थेट सेलूहून तीन गाड्या बदलत आली होती. जाड काचांचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, पायात एकच चप्पल. आपण कोणाच्या कोण हे तिला सांगता येत नव्हतं, पण हळदमेंढा मात्र तिने स्पष्ट म्हटलं, आणि पाटी यायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली. तीही गुडघाभर पाय उचलून नाहीशी झाली. पंधरा दिवसांनी तिचा मुलगा डेपोत आला. पेपरात छापलेला तिचा फोटो घेऊन तो प्रत्येक कंडक्टरला विचारत होता. सोनबाच्या पुढ्यात फोटो आला तेव्हा तो पिशवीतली चिल्लर मोजू लागला. गर्दीत कोण लक्षात राहतं, असं काहीतरी तो बोलला. तो मुलगा नमस्कार करून निघून गेला, आणि त्या दिवसापासून सोनबाचं जेवण अंगी लागेना. हळदमेंढ्याला उतरणारे होते, हळदमेंढ्याहून चढणारं कोणी नव्हतं. त्या टप्प्यापासूनचं एकही तिकीट त्याने आजवर फाडलं नव्हतं.

शेवटी तो पटवारी लक्ष्मणरावांकडे गेला. लक्ष्मणराव निवृत्तीला आलेले, दप्तरातल्या धुळीवर प्रेम करणारे गृहस्थ. त्यांनी फडकं सोडून जुने कागद काढले. १९१७ साली हळदमेंढ्यात त्रेचाळीस घरं. गोंडांची जास्त, काही कुणब्यांची, दोन तेल्यांची. १९१९ च्या कागदात एकच शब्द, रिठी. कारणाचा रकाना कोरा. लक्ष्मणरावांचं म्हणणं असं, की मधलं अठराचं साल मानमोडीचं, म्हणजे तापाच्या त्या मोठ्या साथीचं, माणसं मेली असतील, उरलेली पळाली असतील, त्यात नवल नाही. नवल वेगळंच होतं. दुसऱ्या कुठल्याही रिठीवर जा, तिथे पडक्या भिंती सापडतात, बुजलेली विहीर सापडते, फुटकं जातं सापडतं. हळदमेंढ्याच्या शिवारात चार पिढ्यांच्या पटवाऱ्यांना एक खापरी मिळालेली नाही. माणसं पळतात हो, लक्ष्मणराव म्हणाले, पण विहीर कशी पळेल?

त्या रात्री जेवताना सोनबाला राहवलं नाही, आणि त्याने बायकोला, सुंदराला, हे सगळं सांगून टाकलं. भिंतीशी त्याची आई बसली होती. रुखमा नाव तिचं, वय सत्तरीचं. गेलं वर्षभर ती हळूहळू एकेक गोष्ट विसरत चालली होती. आधी शेजारणींची नावं गेली, मग दिवस-वार, मग मराठीही मधूनमधून जाऊ लागली आणि लहानपणीची गोंडी तेवढी उरली. रोज दिवस कलायला लागला की ती पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, रोन. म्हणजे घर. मला घरी जायचंय. सुंदरा तिला हाताला धरून म्हणायची, की बाई, हेच तुमचं घर. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची. म्हातारपणात होतं असं, म्हणून दोघांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

हळदमेंढा हे नाव कानावर पडलं आणि रुखमाने हातातली वाटी खाली ठेवली.

मग तिने जे सांगितलं, ते तिने साठ वर्षांत नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पोराला तर नाहीच. तिचं माहेर म्हणून सगळे जे गाव ओळखत, ते तिच्या मामाचं. बापाचं गाव हळदमेंढा, आणि बाप डोमा, गावचा भुमक. भुमक म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. मानमोडी जवळच्या गावात आली तेव्हा गावबांधणी करायचं ठरलं. हळदीत भिजवलेला कच्च्या सुताचा दोर भुमकाने गावाच्या शिवेवरून फिरवायचा. मग आतलं कोणी बाहेर जात नाही, बाहेरचं कोणी आत येत नाही. चूल नाही, जातं नाही, कुऱ्हाड नाही. रोग वळसा घालून पुढे गेला की ज्याने दोर बांधला त्यानेच तो तोडायचा, आणि मग सगळ्या घरांत एकदम चुली पेटायच्या. एका दिवसाची गोष्ट असते ती. रुखमा तेव्हा सात वर्षांची, नेमकी मामाकडे होती. दिवस गेला, महिना गेला, तिला घ्यायला कोणी आलं नाही. मामा पाहून आला आणि ओसरीवर डोक्याला हात लावून बसला. तिथे गाव नव्हतंच.

"बापानं सारं गाव बांधलं," रुखमा म्हणाली, "अन् मलेच बाहेर इसरला."

बोलता बोलता ती पुन्हा धूसर झाली आणि वाटीतलं वरण बोटाने चाटू लागली. जंगलू आणि आनंदाबाई कोण होते, हे सोनबाला आता कळलं. त्या दिवशी बाजाराला, सासरी, कुठे कुठे गेल्यामुळे जी माणसं दोराबाहेर राहिली, त्यांतलीच ती पोरं. एका दिवसासाठी बांधलेलं गाव कोणी सोडवलंच नव्हतं. आणि कोणाला सापडत नव्हतं ते गाव सरकारी पाटी लागल्यावर सापडू लागलं होतं, निदान घरी जायला निघालेल्यांना तरी.

त्यानंतरचे चार महिने सोनबाने जिवाला घोर लावून काढले. दाराला बाहेरून कडी. सुंदरा कामाला गेली की शेजारच्या शकुंतलाबाई बघायच्या. आपल्या गाडीवरून बदली मिळावी म्हणून त्याने अर्ज केला, पण त्या रानवाटेची गाडी घ्यायला दुसरं कोण राजी होणार? रोज दुपारी समुद्रपूरच्या स्टँडवर तो चढणाऱ्यांचे चेहरे पाहत उभा राही. आईचं बोचकं त्याने दोनदा सोडून लुगडी पुन्हा पेटीत ठेवली, तिने दोनदा पुन्हा बांधलं. त्या दिवसांत ती त्याला ओळखेनाशीही झाली होती. कधी भाऊ समजे, कधी कोणी परका. एकदा तिने त्याला विचारलं, तुमी कोन्या गावचे? सोनबा हसून उत्तर देऊ लागला आणि मध्येच त्याला रडू आलं.

१९८१ च्या चैत्रात, दर्ग्याला गर्दी होती त्या एका दुपारी, गिरडला गाडी रिकामी झाली. सोनबा पंच वाजवत मागे गेला. शेवटच्या बाकावर रुखमा बसली होती, मांडीवर बोचकं. एवढ्या लोकांच्या गराड्यात ती कधी चढली, हे त्याला कळलंच नव्हतं.

"हळदमेंढा, एक," ती म्हणाली.

सोनबाने तिकीट दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने नियम मोडला. ड्रायव्हरला, भैयाजीला, त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं की पाटीला थांबायचं नाही, सरळ जाऊ द्या. भैयाजीनेही गाडी पळवली. पण पाटी दिसताच म्हातारी उठली आणि तिने दाराची खिट्टी काढली. वाऱ्याने दार पत्र्यावर आपटलं. एका हातात बोचकं, एका हाताने दांडा धरून ती खालच्या पायरीवर उभी होती. सोनबाने घंटी ओढली ती इतक्या जोरात की दोरी हातात आली.

गाडी थांबली. त्याने तिला परत वर घ्यायचा प्रयत्न केला. ती रस्त्यावर फतकल मारून बसली आणि कोणी लुबाडत असल्यासारखी गोंडीत ओरडू लागली. गाडीतली पाच-सहा माणसं माना काढून पाहत होती. एकाने तर कंडक्टरला दोन शब्द सुनावलेसुद्धा, म्हाताऱ्या बाईशी असं वागतात का म्हणून. सोनबाने विचार केला, हिला हाताला धरून नेऊ, मोकळं रान दाखवू, काही नाही पाहून ती आपोआप वळेल. हात मात्र सोडायचा नाही. त्याने भैयाजीला सांगितलं, गाडी शेवटच्या गावाला नेऊन परत आणा, अर्ध्या तासात मी इथेच उभा असेन. कंडक्टरशिवाय गाडी हलवायची म्हणजे दोघांच्या नोकरीशी खेळ. भैयाजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तीन हारन देतो," तो म्हणाला. "चौथा देनार नाई."

गाडी गेली. रानात धुरळा खाली बसेपर्यंत दोघं उभी राहिली. ऊन कडक होतं, पायाखाली सागाची वाळकी पानं कडकड मोडत होती. रुखमा पुढे, तिचं मनगट धरून सोनबा मागे. नुसतं रान होतं, आणि पावलागणिक त्याच्या जिवात जीव येत होता. मग हळदीचा वास आला.

दोर दोन सागांच्या मधून गेला होता, गुडघ्याच्या उंचीवर. ओला होता. त्यातून पिवळं पाणी ठिबकत होतं. दोराच्या अलीकडे चैत्र, वाळकं गवत आणि फुफाटा. पलीकडे गवत हिरवंगार, ज्वारी पोटरीवर आलेली, वर दिवाळीच्या आधीचं निवळलेलं आभाळ. आणि घरं. लिंपलेली, शाकारलेली, एकाही छपरातून धूर न निघणारी त्रेचाळीस घरं. सोनबाने ती मोजली नाहीत, त्याला ती मोजायची गरज वाटली नाही. माणसं आपापल्या दाराशी हात मांडीवर ठेवून बसली होती, बसस्टँडवर बसतात तशी. एका पायरीवर दहा-बारा वर्षांची पोरगी होती. तिच्या नाकावर जाड काचांचा मोठा चष्मा होता, दोऱ्याने कानाला बांधलेला. त्यातून तिला काही दिसत नसावं, कारण ती तो वर सारून पाहत होती.

तेवढ्यात रुखमाने बोचकं काखेत धरून दुसरा हात दोरापलीकडे घातला.

दोराच्या पलीकडे जेवढा हात गेला, तेवढा लहान झाला. सुरकुत्या गेल्या, बोटं इवलीशी झाली. चाळीस वर्षं हातात असलेलं गिलटाचं कडं त्या मनगटावर ढिलं पडलं आणि पलीकडच्या गवतात गळून गेलं. सोनबाने तिला कमरेला धरून मागे ओढलं. हात परत आला तो म्हातारा होऊन, पण रिकामा.

"दोर ओलांडू नका," आतून कोणीतरी म्हणालं. "गाव बांधलं हाय."

तिशीचा माणूस होता. उघडा, हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे. तो दोरापासून दोन पावलांवर उभा होता, डोळे जागरणाने लाल. सोनबा आईच्या तोंडावळ्याचा होता, आणि समोरच्या माणसाचा तोंडावळाही तोच होता. आपला आजा आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहे हे पाहून माणसाला काय वाटायला हवं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. सोनबाला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या मागे माया दाटून आली.

डोमाने दोघांना नीट न्याहाळलं. मग ज्यासाठी तो तिथे उभा होता ते त्याने विचारलं.

"तिकडं मानमोडी हाय का अजून? का गेली?"

सोनबाला क्षणात सगळं दिसलं. हा माणूस त्रेसष्ट वर्षं एवढंच ऐकायला उभा आहे. जी जी माणसं आली ती आत शिरली, आणि आत शिरताच त्या दिवसाची झाली. बाहेरची बातमी त्यांच्याबरोबर आत गेलीच नाही. दोराबाहेर उभं राहून उत्तर देणारा सोनबा पहिलाच. गेली म्हटलं तर डोमा दोर तोडणार. मग ही त्रेसष्ट वर्षं कोणाच्या अंगावर कोसळणार? की काहीच होणार नाही, नुसत्या चुली पेटतील आणि म्हातारी धावत आपल्या आईच्या कुशीत जाईल? काही झालं तरी ती जाणार होती. तिच्या मनगटाची नाडी त्याच्या बोटाखाली पाखराएवढी उडत होती.

"हाय," सोनबा म्हणाला. "अजून हाय. आमच्या गावात कालच दोन गेले."

डोमाचे खांदे खाली आले. त्याने मागे वळून दारादारांत बसलेल्या लोकांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. एका बाईने कडेवरच्या मुलाचं तोंड पदराने पुसलं आणि ती पुन्हा भिंतीला टेकली.

"ही कोन?" डोमाने विचारलं.

"माही माय."

"तिले दूर ने मंग. म्हातारं मानूस हाय." तो जायला निघाला, आणि पुन्हा वळला. "एक काम करशीन का? माही पोरगी मामाकडे हाय. रुखमा नाव. सात वर्साची. घरात पोरगं तापानं फनफनून राह्यलं म्हनून तिले मीच आंदी बाहेर काढलं, अन् मंग गाव बांधलं. भेटली त तिले सांगजो, म्हनावं, बाप इसरला नाई. रोग गेला का मीच येतो घ्यायले. तवर येऊ नको म्हनावं."

रुखमा ऐकत होती. तिने हात पुढे केला नाही. बोचकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती आपल्या बापाकडे पाहत उभी राहिली, आणि तिच्यापुढे तो पोरगेलासा दिसत होता. तिला ऐकू गेलं का, कळलं का, हे सोनबाला कळेना. तिच्या तोंडाकडे पाहायची त्याची छाती होईना.

रस्त्याकडून हॉर्न आला. सोनबाला वाटलं आता हिला ओढत न्यावं लागणार. दुसरा हॉर्न आला. रुखमा स्वतःच वळली. वाळक्या पानांतून ती त्याच्या पुढे भराभर चालू लागली, तिसऱ्या हॉर्नच्या आत रस्त्यावर पोचली आणि पायरीला धरून एकटी वर चढली. सोनबाने मागे वळून पाहिलं. ऊन होतं, नागडे साग होते, आणि पार दुसऱ्या टेकडीपर्यंतचं दिसत होतं.

गाडी सुटली. सोनबा आईशेजारी बसला. ड्युटीवर असताना कंडक्टर प्रवाशांच्या बाकावर बसत नाही, पण आज त्याने हाही नियम मोडला. आई वाचली, असं तो मनाशी म्हणत होता. दहा वेळा म्हणाला तरी ते त्याच्या गळी उतरत नव्हतं. उद्या दुपारी पुन्हा इथूनच जायचं होतं, परवाही. त्रेचाळीस घरं त्याच्या एका शब्दावर चूल विझवून बसलेली असणार होती.

गिरडची टेकडी दिसू लागली तेव्हा रुखमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मानमोडी त कवाचीच गेली, सोनबा," ती म्हणाली.

चार महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. तिचे डोळे स्वच्छ होते. सोनबाने विचारलं, की तुले मालूम होतं, मंग तू काऊन बोलली नाई?

रुखमाने खिडकीबाहेर पाहिलं. रिकाम्या मनगटावर ती कडं फिरवल्यासारखी बोटं फिरवत होती.

"बोलली असती त बापानं दोर तोडला असता," ती म्हणाली. "मी सात वर्साची होऊन गेलीच असती आत. अन् तू बाहेर राह्यला असता. बाहेर राह्यलेल्याले कसं वाटते, ते मले मालूम हाय. तुले काऊन करू तसं?"

गिरडला गाडी थांबली आणि दर्ग्याहून उतरलेली माणसं धक्काबुक्की करत आत शिरली. कोणी समुद्रपूर म्हणत होतं, कोणी हिंगणघाट. कंडक्टर कुठे आहे, कंडक्टर कुठे आहे, असा गलका झाला. सोनबा शेवटच्या बाकावर आईच्या खांद्याला डोकं लावून बसला होता, आणि सत्तर वर्षांची रुखमा त्याच्या पाठीवर थोपटत होती.